सैनिकाचा बिल्ला: एका वस्तूची समीक्षा

कल्याणहून येताना शीळफाट्याला रिक्षा नेहमीप्रमाणे अडकली. आरशाला स्टीलचे दोन 'डॉग टॅग' लटकत होते. दोन्ही कोरे. विचारलं तर रिक्षावाले काका म्हणाले, "मिलिट्रीवाले घालतात ना, तसलं आहे. बरं दिसतं." सिनेमातून आपल्या डोक्यात बसलेला सैनिकाचा बिल्ला हाच. चकचकीत, खणखणणारा, वर्षानुवर्षं टिकणारा. पण आपल्याकडची माणसं ज्या साम्राज्यासाठी दोन महायुद्धांत लढली, त्याच्या सैन्याचा बिल्ला असा नव्हता. पॉलिमर कसे कुजतात हा माझ्या पीएचडीचा विषय, त्यामुळे आज पेपरऐवजी या वस्तूचीच समीक्षा.

आधी थोडा इतिहास. अमेरिकन यादवी युद्धात (1861–65) शिपाई लढाईआधी नाव-पत्त्याची चिठ्ठी कोटाला टाचून घेत. ब्रिटिश सैन्याने 1907 च्या सुमारास ॲल्युमिनियमची गोल चकती आणली. 1914 मध्ये तिच्या जागी लाल फायबरची चकती आली. ती एकच असायची, आणि घोळ इथेच होता. शिपाई पडला की मृत्यूची नोंद करायला कोणीतरी चकती काढून नेई. कचेरीत नाव पोचलं, पण मागे राहिलेला देह निनावी झाला. 1916 मध्ये दोन चकत्यांची पद्धत आली. लाल गोल चकती नोंदीसाठी न्यायची, हिरवी अष्टकोनी देहासोबत राहू द्यायची.

कल्पना म्हणून हे उत्तमच. आपण थीसिसच्या दोन कॉपी ठेवतो त्यातलाच प्रकार. माझी तक्रार आहे ती मटेरियलबद्दल.

व्हल्कनाइज्ड फायबर हे नाव फसवं आहे. त्यात रबर नाही, गंधकही नाही. सुती कागदाचे थर झिंक क्लोराइडच्या द्रावणातून काढतात, ते एकमेकांत मुरतात, मग झिंक क्लोराइड धुऊन टाकतात. हाती येतो तो कडक, चिवट, हलका तुकडा. पण मुळात ते सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी. ओल्या मातीत बुरशी आणि जिवाणू ही साखळी तोडून खातात. गवताचं जे होतं तेच चकतीचं होतं. आता बघा, लाल चकती कोरड्या कचेरीत जाणार आणि हिरवी चिखलात. जिने जास्त टिकायला हवं, तीही त्याच मालाची!

त्या काळाच्या बाजूनेही बोलायला हवं. लाखो चकत्या झटपट हव्या होत्या, आणि देह लवकरच रीतसर स्मशानभूमीत हलवला जाईल असं धरलेलं होतं. काही महिन्यांसाठी फायबर पुरेसंच आहे. प्रश्न शंभर वर्षांचा होईल हे कोणी धरलं नव्हतं.

दुसरं गृहीतक मला जास्त खटकतं. 'देहासोबत राहणारी चकती' म्हणजे दफनच होणार. ज्या साम्राज्याच्या बाजूने हिंदू शिपाईही हजारोंनी लढत होते, तिथे दहनानंतर हिरव्या चकतीचं काय करायचं? तिथे नाव टिकणार ते फक्त वहीत आणि दगडावर. इटलीत सांग्रो नदीजवळच्या स्मारकावर दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावं आहेत. म्हणजे मनात आणलं तर जमत होतं.

मनात आणलं नाही तर काय होतं, ते बसऱ्याला दिसतं. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. 1916 मध्ये कुतला शरणागती झाली. 1929 मध्ये बसरा स्मारक उभं राहिलं, तेव्हा ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीनुसार फक्त आकडा. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने 2021 मध्ये या असमान वागणुकीबद्दल माफी मागितली. इथे दोष बुरशीला देता येत नाही. नाव मातीत कुजणं वेगळं, आणि दगडावर न कोरण्याचा निर्णय घेणं वेगळं. माझ्यासारख्या मटेरियलवाल्याने हे स्वतःला बजावायला हवं. प्रत्येक हरवलेल्या नावामागे रसायनशास्त्र नसतं.

म्हणून माझा निष्कर्ष असा की बिल्ला हे ओळखीचं अर्धंच यंत्र आहे. उरलेलं अर्धं म्हणजे ती ओळख जपायची कोणाची तरी इच्छा. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची ज्ञात कबर नाही, पण कॅसिनो स्मारकावर नाव आहे, माणगावात पुतळा आहे, आणि 2023 मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. नाव राहिलं ते माणसांनी धरून ठेवलं म्हणून.

शेवटी कामाचं. घरात आजोबा-पणजोबांची फायबरची चकती असेल तर ती धुऊ नका, तेल लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. ओल आत अडकते. कोरड्या कागदात ठेवा, फोटो काढा, क्रमांक वहीत उतरवा. ती दुसरी कॉपी आता तुमच्याकडे.