‘लहान नव्हे’ म्हणजे किती?

इंग्रजी गद्यातील ‘नॉट अन्-’ या घडणीची जॉर्ज ऑर्वेलने ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ (१९४६) या निबंधात उडवलेली खिल्ली प्रसिद्ध आहे. काळा कुत्रा, लहान ससा आणि हिरवे शेत यांची विशेषणे दुहेरी नकारात गुंडाळून त्याने तळटीपेत एक वाक्य रचले. ते पाठ केल्यास ही खोड सुटेल, असे सुचवले. विनोद चोख आहे, युक्तिवाद मात्र लंगडा. ‘स्मॉल’ला ‘अन्’ हा उपसर्ग इंग्रजीत लागत नाही. कोणीच न लिहिलेल्या शब्दाची थट्टा करून प्रत्यक्ष लिहिल्या जाणाऱ्या शब्दांचा निकाल कसा लागावा?

एखादी पूर्ण संख्या विषम नसेल तर ती सम असतेच. लहान आणि मोठा यांच्यामध्ये मात्र ऐसपैस जागा असते. दोन नकार परस्परांना पूर्णपणे पुसत नाहीत, मागे सौम्य झालेला होकार उरतो, हे येस्पर्सनने नकारविषयक ग्रंथात (१९१७) दाखवले होते. खर्चाची रक्कम ‘नॉट इन्कन्सिडरेबल’ आहे असे लिहिणारा नेमका या मधल्या जागेत उभा असतो. रक्कम मोठी आहे हे वाचकाने समजून घ्यायचे. तसे म्हटल्याचे उत्तरदायित्व लेखकाकडे नाही. या घडणीने सामान्य विधानाला गहनतेचा आव येतो, ही ऑर्वेलची तक्रार. आकडा टाळण्याची ही सोय मला त्याहून गंभीर वाटते.

‘नो स्मॉल’ची जात निराळी. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, ‘प्रेषितांची कृत्ये’च्या २७व्या अध्यायात, पौलाचे जहाज ज्या वादळात सापडते त्याला हेच विशेषण आहे, त्यामागे ग्रीकमधील ‘थोडे नसलेले’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. दिवसेंदिवस सूर्य-तारे दिसत नाहीत, वाचण्याची आशा मावळते. येथे संकोच कुठला? ‘नॉट’ मधली जागा मोकळी ठेवतो; ‘नो’ लहानपणाची कल्पनाच उडवून लावतो.

मराठीतील ‘थोडेथोडके नव्हे’, ‘लहानसहान नव्हे’ हे प्रयोग या दुसऱ्या जातीचे. त्यांत आवाज चढतो. म्हणून ‘नॉट इन्कन्सिडरेबल’चे ‘थोडीथोडकी नव्हे’ हे भाषांतर कोशाच्या कसोटीला उतरते आणि कानाच्या कसोटीला नाही. पुटपुटणाऱ्या कारकुनाला आपण कीर्तनकाराचा गळा देतो. त्यापेक्षा नकार सोडून ‘तशी बऱ्यापैकी’ म्हणणे अधिक इमानी, कारण त्यात ती चोरटी मोघम छटा तरी शाबूत राहते.