टीव्ही शिकवतो, टाळी कोण देतं?

मंडळी, शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात कोयता घरोघरी होताच. आता त्यानंच वाढदिवसाचा केक कापल्याबद्दल पुणे जिल्ह्यात गुन्हे दाखल होतात, आणि आपण टीव्हीला दोष देऊन मोकळे होतो.

१९६५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अल्बर्ट बांडुरा यांनी मुलांना पडद्यावर बाहुलीला मारणारा माणूस दाखवला. त्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी नक्कल कमी केली. पण बक्षीस देऊ म्हटल्यावर त्यांनीही इतरांइतकीच करून दाखवली. म्हणजे बघा, शिकले सगळेच होते.

म्हणून मालिकेच्या शेवटच्या भागात गुंड पकडला गेला, एवढ्यानं भागत नाही. बक्षीस चौकात मिळतं. फ्लेक्सवर ‘भाऊ’ म्हणून फोटो लावणारे, टाळ्या वाजवणारे आपणच आहोत. टीव्ही बंद करण्याआधी ती टाळी थांबवायला हवी.