सोनिया देलोने आणि 'शिवाय' हा शब्द

सोनिया देलोनेबद्दल कुठेही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: त्या अमूर्त चित्रकलेतल्या अगदी सुरुवातीच्या चित्रकारांपैकी होत्या, शिवाय त्यांनी फॅशन डिझाइनही केलं. मला या 'शिवाय'शी भांडायचंय. संशोधनाची तयारी करत असाल, तर तुम्हीही हे भांडण बघून ठेवा. असे 'शिवाय' लिटरेचर रिव्ह्यूमध्ये पावलोपावली सापडतात.

'शिवाय' म्हटलं की क्रम ठरून जातो. आधी चित्र, मग त्याचा कापडावर उपयोग. पण तारखा काय सांगतात? १९११ साली पॅरिसमध्ये सोनियाबाईंना मुलगा झाला. त्याच्यासाठी त्यांनी कापडाचे तुकडे जोडून पांघरूण शिवलं. आपल्याकडे त्याला सरळ गोधडी म्हणतील. त्यांच्या ज्या अमूर्त चित्रांची नावं घेतली जातात, ती १९१२ पासून पुढची. म्हणजे सुई आधी, ब्रश नंतर.

थांबा, लगेच 'पहिलं अमूर्त चित्र म्हणजे ही गोधडी' असं ठोकून देऊ नका. तुकड्यांची पांघरुणं बायका पिढ्यान्‌पिढ्या शिवत आल्यात. नवं एवढंच, की शिवून झाल्यावर या बाईंनी त्या तुकड्यांकडे चित्रकाराच्या नजरेनं पाहिलं आणि पुढे तेच इतर वस्तूंवर आणि चित्रांवर करून बघितलं. हेही त्यांनीच नंतर सांगितलेलं. आठवण हा पुरावा असतो, पण प्रयोगवहीइतका पक्का नाही.

आता माझ्या, म्हणजे विज्ञानाच्या, गल्लीतली गोष्ट. देलोने पती-पत्नी ज्या 'एकसमयी विरोधा'च्या नियमाबद्दल बोलत, तो रसायनशास्त्रज्ञ शेव्रलचा, १८३९ सालच्या ग्रंथातला. शेव्रल पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यानं रंग तपासला, रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळ्याला काळा फिका वाटत होता. पटत नसेल तर एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे करा, एक पिवळ्यावर ठेवा, एक निळ्यावर. थोडक्यात, हा सिद्धांत जन्मला तोच विणकामाच्या कारखान्यात. तिथून तो चित्रकारांकडे गेला. सोनियाबाईंनी तो कापडावर आणला म्हणजे माहेरी आणला म्हणा ना!

१९१३ चं 'बाल ब्युलिए' बघा. जवळपास चार मीटर रुंद, आणि रंगवलंय चक्क गादीच्या कापडावर. नाचणारी जोडपी रंगांच्या पट्ट्यांत विरघळत जातात. त्याच वर्षी त्यांनी रंगीत तुकड्यांचा ड्रेस शिवला आणि तो घालून त्याच नाचघरात गेल्या. माझ्या मते दोघांत जास्त धाडसी ड्रेस आहे. चित्रात कोणता रंग कोणाचा शेजारी, हे एकदाच ठरतं. ड्रेसमध्ये हात उचलला, गिरकी घेतली की शेजारी बदलले. शेव्रलचा सगळा नियम शेजारावरच उभा आहे, म्हणजे या प्रयोगात हालचाल हा एक व्हेरिएबल वाढला. याला 'उपयोजन' म्हणणं चूक आहे.

पुढचं सगळंच इतकं दमदार नाही. १९१७ च्या रशियन क्रांतीनं सेंट पीटर्सबर्गहून येणारं उत्पन्न थांबलं, आणि कपडे हा पोटापाण्याचा धंदा झाला. १९२३ मध्ये लियाँच्या एका कारखान्यानं कापडाची डिझाइन्स मागवली, १९२५ मध्ये झाक हाइमबरोबर पॅरिसच्या प्रदर्शनात दुकान लागलं. ही छापील कापडं देखणी आहेत, वादच नाही. पण तीच नक्षी पुन्हापुन्हा येते, प्रत्येक रंगाला तोच शेजारी मिळतो. तिथे मला प्रयोग संपून उत्पादन सुरू झालेलं दिसतं.

आणि माझ्या मांडणीतली सगळ्यात मोठी अडचण खुद्द सोनियाबाईच आहेत. १९२७ मध्ये सोरबोनला त्यांनी व्याख्यान दिलं, विषय होता चित्रकलेचा पोशाखावर झालेला प्रभाव. बाण पुन्हा चित्राकडून कापडाकडेच! विद्यापीठाच्या व्यासपीठावर उलट दिशेनं बोलणं अवघड गेलं असेल, असं मला वाटतं. पण 'मला वाटतं' पुढे गाईड लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढतात, आणि इथेही ते काढायला हवं. माझ्याकडे तारखा आहेत, गादीचं कापड आहे, शेव्रल आहे. त्यांच्याकडे त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. तुम्ही कोणाला जास्त वजन द्याल?