मीठ धुणाऱ्या घरातली लेक

'स्मृतिचित्रे'बद्दल मराठीत वर्षानुवर्षं एकच कौतुक चालू आहे. किती मोकळं लिहिलंय, किती खेळकर, एवढं सोसूनही कुठे कडवटपणा नाही! टिळकांचा विक्षिप्तपणा, लक्ष्मीबाईंची फजिती, आपण हसतो आणि पुढे जातो. त्या पुस्तकातला ख्रिस्ती धर्म मात्र आपण एखाद्या अपघातासारखा वाचतो. नवऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलं, बिचारीवर आभाळ कोसळलं, आणि शेवटी तीही गेली त्याच्या मागोमाग. झालं.

मला हे वाचन आळशी वाटतं. श्रद्धा हा या पुस्तकाचा कणा आहे, आणि ती श्रद्धा कशाच्या विरोधात उभी राहिली हे लक्ष्मीबाईंनी अगदी सुरुवातीलाच सांगून ठेवलंय. फक्त तिथे त्या येशूबद्दल अवाक्षर काढत नाहीत. त्या आपल्या वडिलांबद्दल बोलतात.

वडील म्हणजे नाना गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरचे. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर नानांना सोवळ्याचं वेड लागलं. साधंसुधं नाही. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. मीठसुद्धा! वाचताना हसू येतं, कारण लक्ष्मीबाई ते हसवतच सांगतात. पण जरा थांबून बघा. एका माणसाच्या डोळ्यांदेखत जग उलटंपालटं झालं, घरातला कर्ता माणूस फासावर गेला, उद्या कोणाचा नंबर लागेल ठाऊक नाही. अशा वेळी त्याने स्वतःपुरतं उत्तर शोधलं: बाहेरचं काहीच आत येऊ द्यायचं नाही. या उत्तराची किंमत कोणी मोजली? बायकोने आणि लेकरांनी.

२०२० साली आमच्याकडे दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात होत्या तेव्हा मला हे नाना फार आठवले. तुमच्याकडेही धुतल्या असतील. त्यात वेडगळ काही नव्हतं, रोग खरा होता. पण पिशव्यांच्या पाठोपाठ सोसायट्यांची फाटकं बंद झाली, कामाला येणाऱ्या बायका बाहेर राहिल्या, शेजारी कोणी खोकलं तरी नजरा बदलल्या. भीती साबणापाशी थांबत नाही. नानांचं घर हा त्याचा एकोणिसाव्या शतकातला नमुना.

या घरातली मुलगी अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या घरी गेली. तिथे दुसऱ्या टोकाची अनिश्चितता. नोकरी टिकत नाही, गाव टिकत नाही, घरातली वस्तू टिकत नाही. नवरा कवी, तापट आणि उदार, म्हणजे संसाराच्या दृष्टीने तिहेरी संकट. लहान मुलं दगावली. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पंढरपूरला बहिणीच्या आधाराने राहिल्या. सवाष्ण असून नवरा नसल्यासारखी ही अवस्था. त्या दिवसांबद्दल त्या जे लिहितात ते मराठी गद्यातलं सर्वांत उघडं दुःख आहे असं माझं मत आहे, आणि तिथे कुठलाही देव धावून येत नाही.

टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला पाच वर्षं गेली. तो झाला १९०० साली. 'नवऱ्याच्या मागोमाग' म्हणणाऱ्यांनी ही पाच वर्षं मोजावीत. टिळकांकडे परतल्यावरही त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं, स्वयंपाकपाणी वेगळं. टिळकांच्या उपदेशाने ते सुटलंही नाही. एके दिवशी त्यांनी स्वतःलाच विचारलं की हा जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर मिळालं, आणि त्यांनी ठरवलं की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं.

या पुस्तकातला खरा बाप्तिस्मा मला इथे दिसतो, चर्चमधला पुढे कधीतरी झाला. मीठ धुणाऱ्या बापाच्या लेकीने मीठ धुणं सोडलं. त्रैक्य, पाप, उद्धार यांच्या चर्चेतून तिची श्रद्धा सुरू झाली नाही; ती चुलीपाशी सुरू झाली. आणि म्हणूनच ती पुढे टिकली, असं मला वाटतं. पौलाच्या पत्रात विश्वास, आशा आणि प्रीती ही तिन्ही एकत्र येतात. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात त्यांतली आशा वेगळी काढून दाखवता येत नाही. ती 'उद्या बरं होईल' या वाक्यात नाही. उद्याचा भरवसा नसताना आज दार उघडं ठेवायचं, एवढीच ती आहे.

हा फरक कळायला बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' शेजारी ठेवून बघा. १८५७ सालची ही कादंबरी, मराठीतली पहिली म्हणून परीक्षेत पाठ केलेली. विधवांचं दुःख पदमनजींनी खऱ्या कळवळ्याने मांडलं, त्यात शंका नाही. पण तिथे दुःख हा प्रश्न आहे आणि ख्रिस्ती धर्म हे त्याचं तयार उत्तर. प्रश्न आला की उत्तर हजर. सतत वाद जिंकणाऱ्या पुस्तकावर विश्वास ठेवणं मला तरी जड जातं. लक्ष्मीबाई वाद जिंकत नाहीत. त्यांना वाद घालायला फुरसतच नाही, कारण दारात माणसं आहेत.

आणि किती माणसं! एकोणिसावं शतक संपताना दुष्काळ पडला, त्याच्या आगेमागे प्लेग. मिशनच्या आवारात अनाथ मुलं येत होती, टिळक त्यांतली काही सरळ घरी आणत होते, आणि त्यांच्या पोटाची सोय लक्ष्मीबाई करत होत्या, मनातल्या मनात टिळकांना चार शब्द सुनावत. प्लेगमध्ये लोक गाव सोडून पळत होते तेव्हा त्या आजाऱ्यांजवळ थांबल्या. पुढे नगरला त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे राहिले, ब्राह्मणाचा हिंदू मुलगा, ख्रिस्ती घरात पोरासारखा. १९१८ साली भादलीजवळ रेल्वे अपघातात तो गेला. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

म्हणजे दार उघडं ठेवल्याने काही वाचलं का? नाही. लक्ष्मीबाई तसा दावाही करत नाहीत, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. अलीकडे रील्समध्ये जी 'सकारात्मकता' वाटली जाते तिच्यात श्रद्धा म्हणजे एक प्रकारचा विमा असतो: विश्वास ठेवा, सगळं नीट होईल. 'स्मृतिचित्रे'त विश्वास ठेवूनही नीट होत नाही. नवरा तापटच राहतो. पैसे पुरत नाहीतच. टिळकांचं मिशनशीही शेवटी पटलं नाही; १९१७मध्ये ते बाहेर पडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. म्हणजे ज्या संस्थेच्या आधाराने संसार उभा होता तीही सुटली. टिळकांच्या मागे लक्ष्मीबाई कराचीपर्यंत गेल्या. आणि टिळकांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी पुरं केलं. यातली जिद्द मला थक्क करते, जरी वाचक म्हणून मी 'ख्रिस्तायन'पेक्षा 'स्मृतिचित्रे'कडेच दहादा परतेन.

एक गोष्ट मात्र या पुस्तकाच्या प्रेमात पडलेल्यांनी टाळू नये. सोवळं सोडणं हे ज्याच्याकडे सोवळं होतं त्याचं साहस आहे. दुष्काळात मिशनच्या आवारात आलेली बहुतेक मुलं वेगळ्याच वाटेने आली होती. त्यांच्याकडे सोडायला काही नव्हतं, आणि त्यांच्या ख्रिस्ती होण्याला 'पोटासाठी बाटले' हे एकच वाक्य गावाने ठेवलं होतं. पोटासाठी आलेल्या माणसाची आशा हीसुद्धा आशाच, आणि कदाचित जास्त निकडीची. पण 'स्मृतिचित्रे'त ती मुलं दिसतात, त्यांचे हट्ट दिसतात, त्यांच्यामुळे उडालेली धांदल दिसते. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते फारसं दिसत नाही. लक्ष्मीबाईंची नजर मायेची आहे, तरी ती घरधनिणीची आहे. जिला कालपर्यंत कोणी ओसरीवर चढू दिलं नव्हतं, तिला या बाईंनी आपल्या पंक्तीत बसवलं. त्या मुलीने पुढे आठवणी लिहिल्या असत्या तर तो पहिला घास तिने कसा सांगितला असता?