लोटका–वोल्टेरा प्रतिमान आणि लिंक्स–सशाचा आलेख : एक चिकित्सा

जीवसंख्येच्या गणिती प्रतिमानांचा परिचय विद्यार्थ्यांना बहुधा लोटका (१९२५) व वोल्टेरा (१९२६) यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या भक्ष्य–भक्षक समीकरणांतून होतो. या दोन अवकल समीकरणांच्या पुष्ट्यर्थ अनेक पाठ्यपुस्तकांत कॅनडातील ससा व त्यावर जगणारा लिंक्स हा मार्जारकुलीन प्राणी यांचा आलेख दिला जातो. हडसन्स बे कंपनीच्या कातड्यांच्या नोंदींवर आधारलेल्या या आलेखात सुमारे दहा वर्षांचे आवर्तन दिसते. तो प्रतिमानाचा पुरावा ठरतो काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिमानाचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. पहिल्या महायुद्धात मासेमारी घटल्यावर एड्रियाटिक समुद्रातील माशांत भक्षक जातींचे प्रमाण का वाढले, याचे सुसंगत उत्तर वोल्टेरा यांनी याच समीकरणांतून दिले.

लिंक्स–सशाच्या बाबतीत मात्र तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, या नोंदी जिवंत प्राण्यांच्या नसून व्यापारात आलेल्या कातड्यांच्या आहेत. शिकाऱ्यांचे श्रम व बाजारभाव यांचा प्रभाव त्यांतून वेगळा काढता येत नाही. दुसरा आक्षेप क्रमाचा आहे. समीकरणांनुसार सशांची संख्या आधी शिखर गाठते व लिंक्सची नंतर. गिल्पिन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, आकडेवारीच्या काही भागात हा क्रम उलटा आहे. प्रतिमान शब्दशः मानल्यास ससेच लिंक्सला खातात, असे म्हणावे लागेल!

तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे. या समीकरणांत सशाच्या अन्नाला स्थानच नाही. युकॉनमधील क्लुएन येथील क्रेब्स व सहकाऱ्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. भक्षकांना दूर ठेवल्यास सशांची घनता सुमारे दुप्पट, अन्न पुरवल्यास तिप्पट आणि दोन्ही केल्यास अकरापट झाली. दोन्ही परिणामांचा गुणाकारही सहापटच होतो. अर्थात वनस्पती, ससा व भक्षक हे तिन्ही स्तर परस्परांत गुंतलेले आहेत.

सारांश, आलेखातील साम्य म्हणजे कारणाची सिद्धता नव्हे. मासेमारीच्या मर्यादा वा वन्यजीव-व्यवस्थापन प्रतिमानांच्या आधारे ठरते, तेव्हा ही गफलत वर्गापुरती राहत नाही. म्हणून हा आलेख पाठ्यपुस्तकांतून वगळू नये. परंतु प्रतिमान कोठे अपुरे पडते, हा प्रश्न त्यासोबतच विद्यार्थ्यांपुढे ठेवावा.