'क्लास', 'वर्ग' आणि 'अभिजात'

गेल्या वर्षी एका चर्चासत्रात एका वक्त्याने जाहीर केले, की दलित साहित्यातील काही कृती आता 'अभिजात' म्हणाव्यात अशा झाल्या आहेत. सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. परतीच्या एस.टी.त मात्र तो शब्द मला टोचू लागला. सन्मान म्हणून जो शब्द आपल्याला दिला जातो, त्याची कुळी कोणती, हे न तपासताच आपण तो अंगावर घ्यावा काय?

'अभिजात' हा शब्द मराठी समीक्षेने इंग्रजी 'क्लासिक'साठी योजला. 'क्लासिक' हा 'क्लास'पासून निघाला. आणि 'क्लास' हा शब्द मी फार लहानपणी ऐकला आहे. माझे वडील एका सरकारी कचेरीत शिपाई होते. कागदोपत्री त्यांचा दर्जा 'क्लास फोर', मराठीत 'वर्ग चार'. मी चौथीत गेलो तेव्हा मोठ्या आनंदाने म्हणालो होतो, "दादा, आता आपण दोघं एकाच वर्गात." दादा हसले नाहीत. पुढच्या वर्षी मी पाचवीत गेलो. दादा निवृत्त होईपर्यंत वर्ग चारमध्येच राहिले. पुढे सरकारने 'वर्ग चार'चे 'गट ड' केले. खुर्चीबाहेरचे स्टूल तेच राहिले.

आता ह्या शब्दाचे मूळ पाहू. लॅटिनमधील 'क्लासिस' ह्या शब्दाचे नाते 'बोलावणे' ह्या अर्थाच्या धातूशी जोडले जाते. हाक देऊन गोळा केलेले सैन्य, आरमार, असे त्याचे अर्थ होते. रोमची परंपरा असे सांगते, की इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात सर्व्हियस तुलियस राजाने नागरिकांची मोजदाद केली आणि मालमत्तेप्रमाणे त्यांचे पाच 'क्लासिस' पाडले. तपशील पुढच्या काळातले असतील. पण व्यवस्थेचे मर्म त्यातून कळते. ज्याची जेवढी मालमत्ता तेवढी त्याची शस्त्रे, आणि तेवढेच त्याच्या मताचे वजन. सभेतील मतदानाचे गट १९३. त्यांपैकी घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या वर्गाचे ८०. म्हणजे ९८ गट वरच्यांच्याच हाती. ते एक झाले की निकाल लागे आणि खालच्यांना मत विचारण्याची गरजच उरत नसे. सर्वांत तळाशी मालमत्ता नसलेले लोक. राज्याला देण्यासारखे त्यांच्याजवळ पोटच्या पोरांखेरीज काही नाही, म्हणून संतती ह्या अर्थाच्या शब्दावरून त्यांचे नाव पडले 'प्रोलेतारियस'. मार्क्सवादी मित्र ज्या शब्दाचा 'सर्वहारा' असा अनुवाद करतात, तो हाच.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस ह्याने आपल्या ग्रंथात दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. पहिली अशी, की वर्ग पाच असले तरी 'क्लासिकस' म्हणत ते फक्त पहिल्या वर्गाच्या माणसाला. बाकी चारही वर्गांना 'वर्गाखालचे' म्हणत. वर्णव्यवस्थेने आपल्याला 'अवर्ण' म्हटले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ह्या शब्दप्रयोगाचे नवल वाटणार नाही. दुसरी गोष्ट साहित्याची. काही शब्द एकवचनी वापरावेत की अनेकवचनी, असा वाद चालला असता गेलियसच्या ग्रंथातले एक पात्र सांगते, की शुद्ध प्रयोग कोणता ते पाहायचे तर 'क्लासिकस' लेखकाकडे पाहा, 'प्रोलेतारियस' लेखकाकडे नव्हे. करदात्यांच्या यादीतले शब्द अशा रीतीने लेखकांना चिकटले. पुढे युरोपात 'क्लासिक' ह्या शब्दाचे जे देऊळ उभे राहिले, त्याचा पाया हा आहे.

लेखकांची ही प्रतवारी प्रथम भाषेच्या शुद्धतेवरून झाली, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. दलित आत्मकथने आली तेव्हा प्रस्थापितांचा पहिला आक्षेप कोणता होता? भाषा अशुद्ध, शिवराळ, ओबडधोबड. ह्या आक्षेपाचे वय किमान अठराशे वर्षे आहे.

इंग्रजीत 'क्लास' सोळाव्या-सतराव्या शतकांत रुळला, तो आधी विद्यार्थ्यांचा गट आणि वस्तूंचा प्रकार ह्या अर्थांनी. समाजाचा थर हा अर्थ औद्योगिक क्रांतीच्या काळात पक्का झाला. रेमंड विल्यम्स ह्यांनी १९७६ च्या 'कीवर्ड्स' ह्या ग्रंथात तो काळ १७७० ते १८४० असा धरला आहे. हाच शब्द घेऊन इंग्रज सरकारने आपल्याला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हटले. दाबले गेलेले वर्ग! कोणी दाबले, ते नावात नाही. १९३१ साली गोलमेज परिषदेला दिलेल्या पुरवणी निवेदनात बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन ह्यांनी हे नाव बदलण्याची मागणी केली. मराठीत तर बाबासाहेबांनी १९२४ च्या सभेच्या आणि १९२७ च्या पत्राच्या नावात 'बहिष्कृत' हा शब्द ठेवला होता. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणारा आपोआप समोर उभा राहतो. १९३५ च्या कायद्यात 'क्लास' जाऊन 'कास्ट' आले. पण त्याच्याही आधी, १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दोहोंतला संबंध सांगून ठेवला होता: जात म्हणजे दारे बंद केलेला वर्ग. माझ्या चौथीच्या वर्गाला वरचे दार होते. दादांच्या वर्गाचे दार बाहेरून लावलेले होते.

आता मराठीकडे येतो. 'क्लास'साठी आपण 'वर्ग' घेतला. शाळेचा, गणिताचा, समाजाचा, सगळ्यांचा एकच. ह्या शब्दाला जन्माचा वास नाही. पण 'क्लासिक'ची वेळ आली तेव्हा 'पहिल्या वर्गाचा' असे न म्हणता 'अभिजात' म्हटले. अभिजात म्हणजे कुलीन, चांगल्या घराण्यात जन्मलेला. रोमची प्रतवारी पैशाची होती. पैसा येतो, जातो. अनुवादाने पैशाच्या जागी जन्म बसवला, आणि ह्या देशात जन्म जाता जात नाही. एका शब्दाच्या भाषांतरात वर्गाची जात झाली, आणि ती मराठी समीक्षेला जाणवलीही नाही. तिला ते स्वाभाविकच वाटले असणार.

कोणी म्हणेल, शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे. 'अभिजात' म्हणजे आता केवळ उत्कृष्ट, चिरकाल टिकणारे. हे मला मान्य आहे. शब्द झिजतात. परंतु झिजलेले नाणे बाजारात कशाच्या बदल्यात चालते ते पाहावे लागते. संयम, तटस्थता, सोवळी भाषा, वेदनेपासून राखलेले अंतर हे गुण असले तर कृती अभिजात. आणि आपल्या कृतीला ते पद द्यायचे झाले तर तिच्यातला संताप वगळून उरलेल्या भागाचे कौतुक. ही कसोटी शब्दाच्या मुळाशी इमान राखूनच चालली आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली भाषाही आहे. मराठी माझी आई आहे. तिच्या मानाचा मला आनंदच आहे. पण पालीला 'अभिजात' म्हटलेले ऐकून मला अंगुत्तर निकायातले एक सुत्त आठवले. त्याचे नावच छळभिजाति सुत्त. पूरण कस्सप नावाच्या आचार्याने माणसांच्या सहा 'अभिजाति' ठरवल्या होत्या: काळी, निळी, तांबडी, पिवळी, पांढरी आणि परम पांढरी. खाटीक, पारधी, कोळी हे सगळे काळ्या अभिजातीत. म्हणजे पालीत 'अभिजाति' हा शब्द माणसांच्या वर्गालाच लावला आहे. आनंदाने हे सांगितल्यावर बुद्धाने विचारले, सगळ्या जगाने ही वाटणी मान्य केली आहे काय? नाही म्हटल्यावर त्याने दृष्टान्त दिला. दरिद्री माणसाला नको असताना त्याच्यापुढे मांसाचा तुकडा टाकावा, हा तू खा आणि वर पैसेही दे म्हणावे, तशी ही वाटणी आहे. मग बुद्धाने तेच शब्द घेतले आणि त्यांचा अर्थ पालटला. चांडाळाच्या, बुरुडाच्या, पुक्कुसाच्या घरी जन्मलेला माणूस वाईट कर्म करील, चांगले कर्म करील, किंवा काळे-पांढरे दोन्ही ओलांडून निर्वाणाला पोहोचेल. जन्म कोठे झाला ह्यावरून ते ठरत नाही.

आपल्या समीक्षेने एवढे तरी करावे. आपल्या कृतींना 'अभिजात' म्हणा म्हणून अर्ज करू नये, आणि कोणी म्हटलेच तर पहिला प्रश्न बुद्धाचा विचारावा: ही वाटणी कोणाला विचारून केली? आपल्या साहित्याचे मोल आपल्याला सांगता आले पाहिजे, तेही कठोरपणे. कच्चे ते कच्चे, खोटे ते खोटे म्हणावे. कृतीने माणसाला किती खरे पाहिले, आणि वाचल्यावर वाचणारा होता तिथेच बसून राहिला की हलला, ह्या कसोट्यांना कुळाची गरज नाही.

त्या सभागृहात मी टाळ्या वाजवल्या, ह्याची मला खंत आहे. पुढच्या वेळी मी हात वर करून प्रश्न विचारीन.