रथाचा दोर कोणाच्या हाती?

लोकशाही रुजत असताना समाजात शांतता कशी नांदेल, असा प्रश्न निघाला की एक उत्तर हमखास येतं: आपल्या परंपरा आहेत ना! जत्रा, वारी, रथोत्सव माणसं जोडतात. आम्हाला हे उत्तर अर्धंच वाटतं. का, ते नाशिकमध्येच बघू.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. महिनाभराने रामनवमीचा रथ निघायचा होता. तंटा नको म्हणून तडजोड ठरली: स्पृश्य-अस्पृश्य दोघांनी मिळून रथ ओढायचा. परंपरेतून समेट म्हणतात, तो हाच! पण ९ एप्रिलला सत्याग्रहींचे हात दोराला लागण्याआधीच रथ पळवला गेला. दगडफेक झाली, माणसं जखमी झाली.

चुकलं कुठे? तडजोड रथापुरती होती. मंदिराचं दार बंदच होतं. दोर धरू देणं ही एका बाजूची मेहेरबानी होती, दुसऱ्या बाजूचा हक्क नव्हे. मेहेरबानी मोडली तर दाद कुठे मागायची? सत्याग्रह १९३४ पर्यंत चालला, तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, हिंदू म्हणून मरणार नाही.

मग परंपरा टाकाऊच का? तसं आम्ही म्हणत नाही. ज्यांनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली, त्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले. संतांची शिकवण मानता, मग दार बंद का, हा त्यांचा सवाल परंपरेच्या आतूनच आला होता. म्हणून तो टाळणं अवघड गेलं. पण त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदाही आला, आणि १९५० मध्ये संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यताच रद्द केली. परंपरेने मनं तयार केली असतील. हमी दिली ती कायद्याने.

तेव्हा सलोख्यासाठी कुणी परंपरा पुढे केली, तर आधी एवढंच विचारा: दोर धरायचा हक्क देताय, की परवानगी?